निगेटिव्हची कड

१२ फेब्रुवारी. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या.

कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात त्या बटर पेपरच्या पाकिटांत होत्या. सत्तर-ऐंशी असतील. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने माझ्याच अक्षरात नंबर. मऊ ब्रशने धूळ झटकायची, कडेला धरून स्कॅनरच्या काचेवर ठेवायची, झाकण लावायचं, दोन मिनिटं थांबायचं. काम सोपं आहे, पण दुसऱ्यावर सोपवता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेतली तरुण मंडळी फिल्म मधोमध धरतात आणि बोटाचे ठसे उमटवून ठेवतात.

हे काम सरांसाठी होतं. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, कुरुंदवाडला असतात. आठवड्यापूर्वी त्यांचा फोन आला.

"एप्रिलमध्ये शेवटचा एकदा डोंगरावर जाणार आहे. माझी आता खात्री झालीय, आपण वेळ चुकवत होतो. दुपारचं नाही, उजाडायच्या आधीचं गवत घ्यायला हवं. तोवर जुने सगळे फोटो मोठे करून बघायचेत. पाठवतेस ना?"

मागून बाईंचा, म्हणजे सरांच्या पत्नींचा आवाज आला. "गुडघा बदलून सहा महिने व्हायचेत, हे पण सांगा की तिला."

"ही त्या गवतावर जळते," असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

ते गवत जोतिबाच्या डोंगरावरच्या उघड्या कातळावर येतं. वीतभरही उंच नाही. दिवाळीनंतर वाळायला लागतं आणि मार्चपर्यंत त्याची नुसती काडी उरते, बोटात चुरडली तर पीठ होईल अशी. ती काडी बशीभर पाण्यात ठेवली की दुसऱ्या दिवशी हिरवी. मेलेलं नसतंच, झोपलेलं असतं. चार-पाच महिने थेंबभर पाण्याशिवाय झोपायचं तर मुळाच्या पेशीत काहीतरी साठवलेलं असणार, हे सरांचं म्हणणं. ते काय, हे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्या यंत्राखाली ठेवायला त्या मुळाची इतकी पातळ चकती लागते की तिला पातळ म्हणणंही जाड वाटावं. ती चकती कापायचं काम माझं. पंचविसाव्या वर्षापासून मी हेच करते आहे.

मुळाचा बारीक तुकडा आधी रेझिनमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकसारख्या द्रवात, घट्ट बसवायचा. मग तो कापायला काचेची सुरी. स्टीलचं पातं इथं उपयोगाचं नाही, हिरा सोडला तर तेवढी धार फक्त ताज्या तुटलेल्या काचेला असते, आणि तीही दिवसभरच टिकते. आमच्याकडे सुऱ्या मोडायचे ते चाचा. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून होते, पण घराण्याचा धंदा आरसे आणि तसबिरींना काचा बसवायचा. काचेच्या पट्टीवर आडवी रेघ ओढायची, पक्कड लावायची आणि कान देऊन हळूहळू दाबायचं. "काच बोलती ताई. टक म्हणाली तर सुरी, कट्ट म्हणाली तर कचरा." मला अजून तो फरक ऐकू येत नाही.

सुरीच्या मागे छोटीशी टाकी करायची आणि तिच्यात पाणी भरायचं. चकती कापली की ती पाण्यावर तरंगते. एकामागून एक अशी त्यांची माळ होते. त्या इतक्या पातळ असतात की त्यांना स्वतःचा रंग नसतो. जाडीप्रमाणे उजेड त्यांना रंग देतो. जांभळी निघाली तर जाड, फेकून द्यायची. सोनेरी असेल तर चालते. रुपेरी असेल तर हवी तशी. पंखा बंद, खिडक्या बंद, मी कापायच्या यंत्राच्या भिंगाला डोळा लावून बसलेली, आणि त्या काळ्याशार पाण्यावर रुपेरी पट्टी हळूहळू लांब होत जायची. जवळ कुणी श्वास सोडला तरी ती भेलकांडायची. म्हणून श्वास धरायचा. तासन्‌तास असं धरून, सोडून, धरून मला आपण कुठल्यातरी तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटायला लागायचं. बाहेर रंकाळ्याकडे जाणाऱ्या रिक्षांचे आवाज, चाचांचं खोकणं, कुणाचा फोन, हे सगळं वरून, पाण्यापलीकडून आल्यासारखं. एकदा चाचांनी माझ्यापुढे चहा ठेवला, आणि मी मान वर केली तेव्हा त्यावर साय धरून ती सुकलेली होती. मला वाटत होतं, पाचच मिनिटं झालीत.

चकत्या पाण्यावर हलवायच्या कशाने, हा प्रश्न असतो. सुई लावली तर फाटतात. जगात सगळीकडे हे काम करणारे लोक डोळ्याची पापणी वापरतात. एक केस काडीच्या टोकाला चिकटवायचा. चाचांनी एकदा गल्लीतल्या म्हशीची पापणी आणून दिली, ती नांगरासारखी जाड होती. तेव्हा आपलीच उपटायची. मी डाव्या डोळ्याच्या उपटायची, कारण उजव्याने बघायचं असतं. मला बघायला मंडळी आली तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर माझ्या आईला विचारलं, "पोरीच्या एका डोळ्याला पापण्या न्हाईत व्हय? काय दुखणं हाय काय?"

"कामाला लागतात," मी म्हटलं.

आईने मला चिमटा काढला. मुलगा हसला. त्याचे कान मोठे होते, हसला की ते हलायचे.

हे सगळं ज्या दिवशी घडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट आता मला सांगायची आहे.

चकत्या तांब्याच्या बारीक जाळीवर उचलल्या की त्यांना रंग द्यायचा असतो. रंग म्हणजे शिशाचं द्रावण. त्याशिवाय यंत्रात सगळं फिकट दिसतं. बशीत द्रावणाचे थेंब ठेवायचे, कडेला हवेतला वायू शोषायला कॉस्टिक सोड्याचे खडे ठेवायचे आणि एकेक जाळी थेंबावर पालथी घालायची. नियम एकच: झाकण जेमतेम उघडायचं आणि तोंड बंद. शिशाला माणसाचा श्वास चालत नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात गेला की शिशाचे बारीक काळे दाणे होऊन चकतीवर बसतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. सरांनी मला शिकवलं होतं, मी पुढे चाळीसेक मुलांना शिकवलं आहे.

आणि त्या दिवशी मी बोलत होते. बशी पुढ्यात, झाकण अर्धं वर, आणि मी चाचांना सांगत होते की तो मुलगा मला नको आहे. कान तसे आहेत, आई तशी आहे, डेअरीत नोकरी आहे, माझं काम त्याला काय कळणार. चाचा दोनदा म्हणाले, "ताई, तोंड बंद ठेवा की." मी ठेवलं नाही. दहा मिनिटं तरी मी त्या थेंबांवर ओणवून त्या माणसाला नावं ठेवली.

पंधरा दिवसांनी सर आणि मी जाळ्यांची डबी घेऊन पुण्याला गेलो. आमच्याकडे तेव्हा ते यंत्र नव्हतं. वर्षातून तीनदा तिथली वेळ मिळायची. बसमध्ये डबी माझ्या मांडीवर, वर रुमाल. यंत्राच्या खोलीत भरदुपारीही अंधार करतात. समोर काचेआड हिरवट उजेडाची एक तबकडी, तेवढाच उजेड. त्यात ते मूळ उमटलं. पेशींच्या भिंती नदीच्या पात्रासारख्या, वळत, जवळ येत, लांब जात. सरांनी चाक फिरवलं की सगळा मुलूख सरकायचा. आपण खूप उंचावरून, आवाज न करता, कुणाच्या तरी झोपेवरून चाललोय असं वाटत होतं. आणि मग पेशींच्या आत काळे गोल दाणे दिसले. मोहरीसारखे. एका पेशीत सात, दुसरीत बारा.

 सरांनी अंधारात माझं मनगट धरलं आणि सोडलं. मग म्हणाले, "हेच ते. हे घेऊन झोपतं ते."

परत आल्यावर डार्करूममध्ये मी प्रिंट काढले. लाल दिव्याखाली कोरा कागद पाण्यात हेलकावतो आणि त्यावर आधी काहीच नसतं, मग धुकं, मग दाणे. फोटोच्या एका बाजूला पेशींबाहेरची मोकळी जागा होती, तिथं नुसतं रेझिन असतं. सर म्हणाले, "ही कड काप. रिकामं काय दाखवायचं?" मी कापली. त्या रिकाम्या भागात एक-दोन ठिपके होते. मला ती फिल्मवरची धूळ वाटली. किंवा मी तसं वाटून घेतलं.

लेख छापून आला. सरांना परदेशातून दोन पत्रं आली, ती त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली. माझी पीएच.डी. झाली, नोकरी लागली. त्या मुलाशी लग्नही केलं. तो दुसऱ्यांदा भेटायला एकटा प्रयोगशाळेत आला, दोन तास न बोलता माझं कापणं बघत बसला, आणि जाताना म्हणाला, "आमच्याकडं दुधाची भेसळ बघायला यातलं काय चालेल काय?" त्यावर मी हो म्हटलं.

पुढच्या बॅचमध्ये दाणे नव्हते. तेव्हा मी तोंड बंद ठेवून काम केलं होतं. त्याच्या पुढच्या बॅचमध्येही नव्हते. सरांनी ठरवलं की गवत पुरतं वाळलेलं नव्हतं. मग ठरवलं की फार वाळलं होतं. दर एप्रिलला ते डोंगरावर जायचे. चैत्री यात्रेच्या सुमारास कातळावर गुलालाचा थर असतो, आमचे नमुने गुलाबी यायचे आणि आधी धुवावे लागायचे. सर पेनची कॅप दातात धरून उन्हात उकिडवे बसायचे आणि यात्रेतली उंच सासनकाठी घेऊन चाललेली माणसं थांबून विचारायची.

"काय पावणं, काय पडलं काय?"

"नाही, गवत बघतोय."

"बघा बघा. जनावर बी तोंड लावत न्हाई त्याला."

असे वीसेक एप्रिल गेले. सरांच्या मुलांच्या परीक्षा, त्यांच्या मुलीचं लग्न, बाईंचं गावी एकटीने घर बांधणं, सगळं त्या एप्रिलच्या आजूबाजूला झालं. बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "मला सवत असती तर निदान तिला दोन शब्द बोलले असते." सर निवृत्त झाले तरी जातच राहिले. कापून मी द्यायची. दाणे कधी दिसले नाहीत.

मला शंका होती का? होती. दुसऱ्याच बॅचला आली होती. मी विचारलं नाही. नोकरी नवी, घर नवं. आणि सर पुढच्या एप्रिलबद्दल बोलायला लागले की त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की मध्ये बोलणं जमायचं नाही. मग शंका जुनी झाली. जुन्या शंकेचं काही ओझं वाटत नाही, ती घरातल्या बंद घड्याळासारखी भिंतीवर असते.

तर १२ फेब्रुवारीला, दुपारी तीनच्या सुमारास, स्कॅनरच्या पडद्यावर त्या बॅचची पहिली निगेटिव्ह उघडली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळे दाणे पांढरे दिसतात, आणि रिकामं रेझिन काळंभोर. मी मोठं करत गेले. कापलेली कड आता पूर्ण होती. त्या काळ्यात, जिथं पेशी नाही, मूळ नाही, काहीच नाही, तिथं पांढरे दाणे होते. चांदणं पडल्यासारखे. एक नाही, नऊ. पेशीतल्या दाण्यांसारखेच, त्याच आकाराचे. एक तर पेशीच्या भिंतीवर अर्धा आत अर्धा बाहेर बसला होता. गवताने साठवलेली वस्तू गवताच्या बाहेर असत नाही.

मी त्या चांदण्याकडे किती वेळ बघत बसले सांगता येणार नाही. त्यात माझा श्वास होता. हे मी अलंकाराने म्हणत नाही. शिशाच्या त्या दाण्यात कार्बन असतो आणि तो माझ्या फुप्फुसातून आलेला होता. मग मी उठून बाकीच्या बघितल्या. त्या बॅचच्या चौदापैकी अकरांत कडेला दाणे होते.

संध्याकाळी घरी जाताना चाचांच्या दुकानात थांबले. आता मुलगा बघतो दुकान, चाचा खुर्चीवर बसून सूचना देतात. मी विचारलं, "चाचा, ती दाणे दिसलेली बॅच आठवते?"

"न आठवायला काय झालं? तुम्ही जावईबापूंच्या कानांवर बोलत हुता." त्यांनी लगेच ओळखलं की मी कशासाठी आले. मग म्हणाले, "दाणे त्याचेच हायत व्हय?"

"हो."

"मला वाटलंच हुतं. पर साहेब इतकं खूश झालते."

म्हणजे दोघांना वाटत होतं आणि दोघांनी सांगितलं नव्हतं. चाचा काचेवर फडकं फिरवत राहिले.

"ऱ्हाऊ द्या ताई. एवढं वय झालं. म्हाताऱ्याच्या ताटातला घास काढून काय मिळणार?"

"ते एप्रिलमध्ये डोंगर चढणार आहेत. नव्या गुडघ्यावर. उजाडायच्या आधी."

"आँ?" चाचांचं फडकं थांबलं. "मग सांगा. पर बसवून सांगा. उभ्यानं न्हाई."

जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे भाकरी संपवली. "म्हणजे माझ्या कानामुळं शास्त्राचं नुकसान झालं म्हणायचं."

"तुझ्या कानामुळे नाही, माझ्या तोंडामुळे."

"ते मी कसं म्हणणार," तो म्हणाला. मग, "मी येऊ का सोबत?"

"नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली, पाकीट दोन पुठ्ठ्यांत बांधलं आणि सातच्या बसने निघाले. जयसिंगपूरला बस बदलली. उसाच्या शेतांवर धुकं होतं, ट्रॅक्टर त्यातून दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि ते दर मैलाला विस्कटत होतं.

सर पुढच्या खोलीत खुर्चीत बसूनच होते, त्यामुळे चाचांची अट आपोआप पाळली गेली. बाई म्हणाल्या, "अगं, फोन तरी करायचास. थालीपीठ लावते." मी म्हटलं, आधी चहा चालेल. बाई आत गेल्या. मी निगेटिव्ह काढून सरांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने कडेला धरली, खिडकीच्या उजेडाकडे केली आणि डोळ्याला भिंग लावलं.

"पहिलीच की ही," ते खुशीत म्हणाले.

"डाव्या कडेला बघा सर. आपण कापली होती तिथे."

ते बघत राहिले. भिंग थोडं सरकवलं. परत सरकवलं. रस्त्यावरून मेंढरं चालली होती, त्यांचा आवाज येऊन गेला.

"हा कुठल्या पेशीत आहे?"

"कुठल्याच नाही."

त्यांनी दुसरी मागितली. मग तिसरी. अकराही निगेटिव्ह त्यांनी स्वतः बघितल्या. शेवटची माझ्या हातात दिली.

"शिसं," ते म्हणाले.

"हो. मी बोलत होते सर. झाकण उघडं ठेवून."

"तुला कधी कळलं?"

"काल. पण शंका दुसऱ्या बॅचला आली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं नाही, तेवढंच जमलं.

"मग बोलायचं होतंस की गं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो, बोलायला हवं होतं."

बाई चहा घेऊन आल्या, आमच्याकडे बघितलं आणि ट्रे ठेवून दारातच उभ्या राहिल्या. सरांनी निगेटिव्ह एकेक करून पाकिटात परत घातल्या. चहा निवला. मग म्हणाले, "टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कागद आहेत. लिहून घे. ज्यांनी लेख छापला त्यांना कळवायला पाहिजे. कोण पोरगं त्यावर अजून विसंबून बसलं असेल तर?"

मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. लेखाचं शीर्षक, फोटोंचे क्रमांक, दोष कशाचा. "आमच्या हातून" असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी थांबले आणि म्हटलं, "माझ्या हातून लिहू या."

"कड कुणी कापायला लावली? आमच्या लिही."

मी लिहिलं. पुढचं वाक्य मीच सुचवलं: या गवताच्या मुळात असे कण नसतात.

"नसतात कशावरून?" सर एकदम खुर्चीत सरळ झाले. "दिसले नाहीत, एवढंच. दिसले नाहीत लिही."

"अहो, म्हणजे डोंगर आहेच का?" दारातून बाई म्हणाल्या.

सरांनी भिंग रुमालाने पुसून डबीत ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "आता तिथे काय शोधायचं ते माहीत नाही."

 बाईंनी आत जाऊन तवा ठेवला.

मी "नसतात" खोडून "दिसले नाहीत" लिहिलं आणि सगळं पहिल्यापासून सावकाश त्यांना वाचून दाखवलं.